उरलेला चिंचोका

वैजयंताने पाटी माझ्यापुढे धरली. पाटीवर 'कमळ' लिहिलं होतं, पण आरशात दिसावं तसं उलटं.

"हे कुणी लिहिलं?"

"म्या."

"दिवाळीच्या सुट्टीच्या आधी तर किती सरळ लिहीत होतीस."

पाटी आणि पेन्सिल दोन्ही तिने डाव्या हातात कशीबशी सांभाळली होती. उजवा हात पाठीमागे होता.

"हात दुखतोय का? बघू."

मी तो हात पुढे ओढून पाहिला. जखम नव्हती, सूज नव्हती. बोटं दाबली तरी ती कळवळली नाही. मी हात सोडला, तसा तो पुन्हा पाठीमागे गेला.

ही गोष्ट माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षातली. माझी नेमणूक झाली ते गाव म्हणजे खरं तर गाव नव्हतं, वसाहत होती. वर घाटात धरण झालं, कोंढवळी नावाचं गाव पाण्याखाली गेलं आणि तिथली माणसं खाली उघड्या माळावर आणून बसवली. एका उन्हाळ्यात ती उतरली आणि त्याच वर्षी जूनमध्ये मी तिथे रुजू झाले. पत्र्याच्या दोन खोल्यांची शाळा होती. एका खोलीत मोठे गुरुजी तिसरी-चौथी घेत, दुसरीत मी पहिली-दुसरी. वैजयंता सपकाळ दुसरीत होती. सगळे तिला वैजू म्हणत.

दुपारी मुलं भाकरीची फडकी सोडून बसली, तेव्हा संपत शेजारून ओरडला, "बाई, वैजी डाव्या हातानं खाती!"

पोरी तिच्यापासून सरकून बसल्या. ती मान खाली घालून डाव्या हाताने भाकरी मोडायचा प्रयत्न करत होती. एका हाताने भाकरी मोडत नाही. तिने ती मांडीवर दाबून धरली होती. डाव्या मनगटावर वळ होते. घरी त्यापायी मार बसत होता हे उघड होतं.

संध्याकाळी मी तिच्या घरी गेले. तिची आई, हौसाबाई, दारात तांदूळ निवडत होती. मला बसायला पोतं टाकलं. वैजूला तिने पाणी आणायला धाडलं आणि ती लांब गेलेली पाहूनच बोलायला लागली.

"बाई, हाताला काय सुदिक झालं न्हाई. डॉक्टरला दाखवून आलो."

"मग?"

"तुम्हाला आमच्या चिठ्ठ्यांचं म्हाईत हाय का?"

मला माहीत नव्हतं. मी रुजू होण्याआधी, मे महिन्यात, वसाहतीतले प्लॉट वाटले गेले ते चिठ्ठ्या टाकून. एका तांब्याच्या कळशीत प्लॉटांच्या नंबरांच्या चिठ्ठ्या. पुनर्वसनाचे साहेब एकेका घराचं नाव पुकारणार आणि एक लहान मूल त्या नावाची चिठ्ठी काढणार. लहान मुलाच्या मनात पाप नसतं, म्हणून मूल. त्या दिवशी साहेबांचं लक्ष वैजूवर गेलं. नवा फ्रॉक घातला होता तिने. तिला स्टुलावर उभं केलं आणि साऱ्या गावाच्या चिठ्ठ्या तिने काढल्या. चांगला प्लॉट लागला की माणसं तिला उचलून घेत. कुणी हातावर बत्तासा ठेवला.

"आबा शेलारांच्या नावाला ओढ्याकडचा खालचा प्लॉट आला," हौसाबाई म्हणाली. "तवा ओढा कोरडा ठणठणीत. पोरं त्यात खेळायची."

पुढचं मला माहीत होतं. दसऱ्यानंतर माळावर कधी पडत नाही असा पाऊस पडला. पहाटे ओढ्याला पाणी आलं आणि शेलारांच्या गोठ्यात शिरलं. त्यांचा वीस वर्षांचा सुरेश म्हशीचं दावं सोडायला गेला. म्हैस पोहून वर आली. सुरेश संध्याकाळी सापडला, खूप खाली, बाभळीच्या काट्यात.

"दहाव्यानंतर आम्ही बायका तानूबाईला भेटाया गेलो," हौसाबाई म्हणाली. तानूबाई म्हणजे सुरेशची आई. "ही पण आली माझा पदर धरून. तानूबाईनं हिचा हात हातात घेतला. उलटापालटा करून बघितला. आन् म्हणली, 'ह्याच हातानं काढलीस गं.' रागानं न्हाई म्हणली बाई. लई हळू म्हणली."

तिने तांदळाचं सूप बाजूला ठेवलं.

"घरी आल्यापास्नं त्यो हात वापरत न्हाई. हिच्या बापानं मारलं, गोड बोलून बघितलं. तुम्ही सांगा, तुमचं ऐकंल."

मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी वैजूला जवळ घेऊन म्हटलं, की त्यात तुझी काही चूक नाही. तिने मान हलवली. सगळ्यांनी तिला हेच सांगितलं होतं. हे सांगताना प्रत्येक जण आधी तिच्या त्या हाताकडे बघत होता आणि मीही बघितलं होतं.

नुसतं सांगून भागणार नाही, एवढं मला कळलं. पण सात वर्षांच्या मुलीला काय सांगायचं? योगायोग म्हणजे काय हे मोठ्यांना तरी कुठे उमगतं? पुस्तकात बेरीज होती, वजाबाकी होती, असा धडा नव्हता. मग मी वर्गात एक खेळ सुरू केला.

फळ्यावर तीन शब्द लिहिले. नक्की. कदाचित. शक्यच नाही.

"मी एक गोष्ट सांगेन. तुम्ही सांगायचं, ती यातली कुठली. उद्या सूर्य उगवेल?"

"नक्की!" सगळे म्हणाले.

"संपतची शेळी उद्या शाळेत येऊन कविता म्हणेल?"

हसू फुटलं. "शक्यच न्हाई!"

"उद्या मी शाळेत येईन?"

"नक्की," संपत म्हणाला.

"ताप आला तर?" सुवर्णाने विचारलं. सुवर्णा वर्गातली सगळ्यात बारीक विचार करणारी पोर.

संपत अडला. "मग कदाचित."

मुलांना ते आवडलं. ती आपापल्या गोष्टी आणू लागली. कोंबडीच्या अंड्यातून बदक निघेल का. आज भाकरीबरोबर कोरड्यास असेल का. एकदा पहिलीतल्या एका मुलाने विचारलं, "आपलं जुनं गाव परत दिसंल?"

"शक्यच न्हाई," सुवर्णा म्हणाली. "पाण्यात गेलं की."

"कदाचित," मागून आवाज आला. वैजू होती. कितीतरी दिवसांनी ती वर्गात आपणहून बोलली. "बाबा म्हणतात, उन्हाळ्यात पाणी उतरलं की देवळाचा कळस दिसंल."

त्या दिवशी मी खेळ तिथेच थांबवला.

मग मी पिशवी आणली. जुन्या पोलक्याच्या कापडाची, तोंड आवळता येईल अशी. वर्गात जितकी मुलं, तितके चिंचोके. त्यांतला एक मी फरशीवर घासून पांढरा केला होता.

"एकेकाने यायचं, न बघता एक चिंचोका काढायचा. पांढरा ज्याला येईल, त्याने आज वर्ग झाडायचा."

पहिल्या दिवशी पांढरा सुवर्णाला आला. दुसऱ्या दिवशी संपतला. संपतला ते अजिबात पटलं नाही.

"माझा हात चांगला हाय बाई. गोट्यात मीच जिंकतो."

"मग उद्या बघ."

त्याने काय काय करून पाहिलं. हातावर फुंकर मारली. डोळे मिटून देवाचं नाव घेतलं. एक दिवस सगळ्यांत आधी आला, एक दिवस शेवटाकडे. पांढरा कधी त्याला यायचा, कधी नाही. हळूहळू बहुतेकांना पांढरा येऊन गेला. शहाण्याला आला, आळशाला आला, नुकत्याच शाळेत यायला लागलेल्या चिमुरड्या कोंडिबालाही आला आणि त्याच्याऐवजी संपतने वर्ग झाडला.

"काय कळलं?" एक दिवस मी विचारलं.

"हाताला कळत न्हाई," संपत म्हणाला. "आत काय हाय ते हाताला कळतच न्हाई."

मी वैजूकडे बघितलं नाही. मुद्दामच.

वैजू पिशवीत हात घालत नव्हती. ना उजवा, ना डावा. पहिल्याच दिवशी ती म्हणाली, "समद्यांचं झालं की उरंल तो माझा." मी चालू दिलं. रोज शेवटी पिशवीत एक चिंचोका उरायचा, मी तो तिच्या बाकावर ठेवायचे. तो काळाच असायचा. कारण पांढरा आधीच कुणाला तरी आलेला असायचा. मुलांना वाटायला लागलं, वैजीची ही युक्ती भारी आहे.

डिसेंबरातली एक सकाळ. थंडी होती, मुलं एकमेकांना चिकटून बसली होती. एकेक जण आला, चिंचोका काढून मूठ मिटून जागेवर गेला. मग सगळ्यांनी एकदम मुठी उघडल्या. काळा, काळा, काळा. पांढरा कुणाकडेच नव्हता.

मुलं आधी गोंधळली. मग एकेक करून सगळी वैजूकडे बघायला लागली.

मी पिशवी उलटी केली. पांढरा चिंचोका तिच्या बाकावर पडला.

वैजू त्याच्याकडे बघत राहिली. चेहरा पांढराफटक पडला होता. मला वाटलं आता रडेल आणि मनात आलं की हा खेळ आपण मांडायलाच नको होता.

"पण म्या तर हात घातलाच न्हाई," ती म्हणाली.

"नाही घातलास."

"तरी आला."

"हो. एक पांढरा आहे म्हटल्यावर कुणाला तरी तो येणारच."

ती विचार करत होती. कपाळावर आठी पडली होती. सगळा वर्ग तिच्याकडे बघत होता, तिला त्याचं भान नव्हतं.

"बाई, पांढरा पिशवीत टाकला कुणी?"

"मी."

"तुम्ही टाकला न्हाई, तर कुणालाच येणार न्हाई?"

"कुणालाच नाही."

"मग ओढ्याकडची चिठ्ठी कळशीत कुणी टाकली?"

मी तिला हात निर्दोष असतो एवढंच शिकवायला निघाले होते. ती एक पाऊल पुढे गेली होती.

"मला माहीत नाही, वैजू," मी म्हणाले. "ज्यांना माहीत असेल त्यांना विचारायला हवं."

दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आधी तिचे वडील दाराशी उभे होते. ज्ञानू सपकाळ. उंच, हडकुळा, कमी बोलणारा माणूस. रात्रभर झोपला नसावा.

"बाई, काल पोरीनं मला एक इचारलं."

"मला वाटलंच होतं."

"तुम्ही शिकवलं तिला त्ये इचारायला?"

"नाही. ते तिचं तिलाच सुचलं."

त्याने मान हलवली, जणू हेच त्याला ऐकायचं नव्हतं. मग तो पायरीवर बसला आणि टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"गावातनं आम्ही पाचजण गेलो व्हतो नकाशा बघाया. मी त्यात व्हतो. खालच्या चार प्लॉटांशेजारी ओढ्याची निळी रेघ व्हती. आम्ही घाटावरची माणसं बाई, पाणी कळतं आम्हाला. मी म्हटलं, सायेब, हे खाली हाय. सायेब म्हणलं, कैक वर्षांत ह्या ओढ्याला पाणी आलं न्हाई. चार प्लॉट काढले तर चार घरं दुसरीकडं न्यावी लागतील. गाव फुटंल."

"मग?"

"मग काय. गाव फुटू नये म्हणून गप बसलो. आन्..." तो थांबला. "खरं सांगायचं तर, समद्यांच्या मनात एकच. इतकी घरं हायेत. चार चिठ्ठ्या. आपल्यालाच यील असं थोडंच हाय."

शाळेकडे येणाऱ्या पोरांचे आवाज ऐकू येत होते.

"आन् ती चिठ्ठी काढाया माझीच पोर उभी केली त्यांनी. मी बघत व्हतो. आबाच्या नावाला ती निघाली, तवा मला बरं वाटलं बाई. आपली न्हाई निघाली म्हणून बरं वाटलं."

"वैजूला काय सांगितलंत?"

"हेच. जसंच्या तसं सांगितलं. ती म्हणली, 'तानूकाकीला सांगितलं का?'"

त्याने टोपी डोक्यावर घातली आणि निघून गेला.

फेब्रुवारीत दुसरी सोडत ठरली. घाटावर उंचावर राहिलेली काही घरं आता खाली यायची होती आणि ओढ्याच्या पाण्यात ज्यांचं घर गेलं त्या शेलारांनाही नवी जागा द्यायची होती. शाळेपुढच्या कडुलिंबाखाली टेबल मांडलं. साहेब नवे होते, तरुण, शांत बोलणारे. टेबलावर नकाशा आणि तीच तांब्याची कळशी. मुलांना मी शाळेच्या पडवीत बसवून ठेवलं होतं. वैजू खांबाला टेकून बसली होती.

साहेबांनी कळशी हलवली आणि इकडे-तिकडे पाहिलं. "एखादं लहान मूल बोलवा."

कुणी हललं नाही. काहींच्या नजरा पडवीकडे वळल्या आणि चटकन दुसरीकडे गेल्या.

ज्ञानू सपकाळ उठला.

"सायेब, आदी कळशीत काय काय हाय त्ये वाचून दावा."

साहेबांनी नंबर वाचले. खालचे तीन त्यात होते. शेलारांचा सोडून बाकीचे, मागच्या सोडतीत कुणाला न निघता उरलेले.

"हे ओढ्याच्या अंगाचं हायेत," ज्ञानू म्हणाला. "मागल्या टायमाला बी हे कळशीत व्हतं. आम्हा पाचजणांना म्हाईत व्हतं, तिथं पाणी यिऊ शकतं. आम्ही गप बसलो."

आबा शेलार मान खाली घालून जमिनीकडे बघत होते. तानूबाई बायकांत बसली होती. ती उठली, गर्दीतून वाट काढत पुढे आली आणि ज्ञानूसमोर उभी राहिली.

"तुला म्हाईत व्हतं, भावजी?"

"व्हय, वैनी."

"ओढ्याचं?"

"व्हय. वाटलं, कुणाला यील, कुणाला न्हाई."

"कुणाला तरी येणारच व्हती की रे," तानूबाई म्हणाली.

तिचा आवाज चढला नाही. ज्ञानूने हात जोडले. ते तिने बघितले की नाही, मला सांगता येणार नाही. बाकीच्या चौघांपैकी दोघे उठून उभे राहिले. दोघे बसूनच राहिले.

साहेब नकाशा घेऊन उठले. माणसं त्यांना ओढ्यावर घेऊन गेली. बाभळीच्या फांद्यांना अजून वाळलेला पाला-कचरा अडकलेला होता, माणसाच्या डोक्यापेक्षा उंच. साहेब बराच वेळ तो बघत उभे होते. परत आल्यावर त्यांनी कळशीतून तीन चिठ्ठ्या काढल्या आणि खिशात घातल्या.

"वर काय सांगायचं ते मी सांगेन," ते म्हणाले. "आता मूल बोलवा कुणाचं तरी."

"मूल नको," तानूबाई म्हणाली.

"मावशी, मूल निष्पाप असतं, म्हणून बोलावतात. कुणाला शंका राहू नये."

"म्हणूनच नको. ज्याची त्यानं काढावी."

कुणी विरोध केला नाही. प्रत्येक घरातलं एकजण पुढे आलं आणि स्वतःच्या हाताने चिठ्ठी काढली. शेलारांच्या नावाला आबा उठले नाहीत. तानूबाईच गेली. कळशीत हात घातला, पहिली हाताला लागली ती चिठ्ठी काढली आणि न उघडता पदराच्या टोकात धरून उभी राहिली. मग ती पडवीकडे आली.

मी पुढे झाले. तिला वाचता येत नव्हतं, मला वाटलं चिठ्ठी माझ्याकडे देईल. ती माझ्यावरून पुढे गेली आणि खांबापाशी थांबली.

वैजू उठून उभी राहिली. पाठ खांबाला घट्ट लावून.

"वाच गं," तानूबाई म्हणाली. "काय लिव्हलंय?"

वैजूने डावा हात पुढे करून चिठ्ठी घेतली. चिठ्ठी चारदा दुमडलेली होती. अंगठ्याने ती उलगडायला गेली, तर कागद पुन्हा मिटला. तानूबाई उभी होती. घाई नव्हती तिला. वैजूने एकदा तिच्या तोंडाकडे पाहिलं. मग उजवा हात पुढे आला आणि दोन्ही हातांनी तिने चिठ्ठी उघडली.

"सतरा."

"सतरा. कुठशी आलं त्ये?"

"वरच्या अंगाला. शाळंच्या माघारी. तिथं मुरूम हाय."

"मुरूम चालंल," तानूबाई म्हणाली. "चल, दाव मला."

वैजू पुढे लिहायची ती डाव्या हातानेच. मी कधी टोकलं नाही. चौथीपर्यंत तिची अक्षरं आपोआप सरळ झाली. तानूबाईने तिला त्या बोलण्याबद्दल कधी काही म्हटलं का, मला माहीत नाही. ज्ञानूशी ती पुढे बोलत असे, पण कामापुरतंच.

त्या दिवशी मात्र मी पडवीत उभी राहून दोघींना शाळेमागच्या चढाने वर जाताना पाहिलं. तानूबाई दमत होती, मधे मधे थांबत होती. थोडं वर गेल्यावर वैजू मागे आली आणि तानूबाईने चढायला आधार म्हणून तिचा हात धरला. कुठला हात, ते इतक्या लांबून मला दिसलं नाही.